बिनधुळीचं अंगण

पिंपरी पेंढारच्या आसपास ज्यांच्या दारात सिमेंटचे ब्लॉक बसलेले दिसतात, त्यातल्या निम्म्या घरी विचारलं तर भैरूचं नाव निघतं. शाळेपुढची मोकळी जागा, पतसंस्थेचं आवार, ओझरच्या रस्त्यावरची दोन-तीन मंगल कार्यालयं, सगळीकडे त्याचा हात फिरलेला. भैरवनाथ हे पूर्ण नाव फक्त आधार कार्डावर आणि लग्नपत्रिकेत. वाडीत तो भैरूच. त्याच्या आज्याचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं कोकणात उतरण्यात गेलं होतं. बाप राघू अजूनही थोडीफार मेंढरं राखून होता. भैरूनं मात्र बारावीनंतर एका ठेकेदाराच्या हाताखाली ब्लॉक बसवायचं काम शिकून घेतलं आणि पुढं अमृत नावाच्या मित्राला भागीदार करून स्वतःची कामं घ्यायला लागला.

एवढ्या लोकांची अंगणं करूनही त्याच्या स्वतःच्या दारात मातीच होती. उन्हाळ्यात वारं सुटलं की ती घरात यायची, पावसाळ्यात तिचा राडा व्हायचा. आई, तुकाबाई, दर वर्षी म्हणायची आणि तो दर वर्षी "करू की" म्हणायचा. यंदा श्रावणात मेंढरांना पाण्याची बादली नेताना तुकाबाई घसरली आणि तिचं मनगट मोडलं. तिचा हात गळ्यात बांधलेला बघितल्यावर भैरूचं "करू की" संपलं. पाऊस उघडल्यावर पहिलं काम घरचं, असं त्यानं बायकोला, प्रांजलला, सांगून टाकलं. आणि दसऱ्यानंतर खरोखरच विटेच्या आकाराच्या करड्या ब्लॉकांची गाडी दारात येऊन उभी राहिली.

या कामात आधी अख्खे ब्लॉक बसवून घेतात. खाली दगडाची कच पसरायची, ती ठोकून सपाट करायची, दोरी धरायची आणि एकेक ब्लॉक टेकवत मागं यायचं. भिंतीपाशी, पायरीपाशी, नाहीतर तुळशीवृंदावनाला वळसा घालताना अख्खा ब्लॉक मावत नाही. तिथली फट तशीच सोडतात आणि सगळ्यात शेवटी ब्लॉक कापून तुकड्यांनी भरतात. भैरू आणि अमृतनं अंगण मधोमध झरझर भरत आणलं. तुकाबाई चांगल्या हातानं चहा करून देई आणि राघू मेंढरं चारून आला की कडेनं एक चक्कर मारून मगच आत जाई. त्याला आवडलं होतं एवढं त्यावरून कळत होतं.

कडेचे तुकडे कापायला बसले त्या दिवशी अमृतला दुसरीकडं जायचं होतं, म्हणून भैरू एकटाच होता. त्यानं नाकाला रुमाल बांधला, ग्राइंडरची वायर ओसरीतल्या बटणाला लावली आणि पहिला ब्लॉक पायाखाली धरला. प्रांजल दोरीवर कपडे वाळत घालत होती. पातं ब्लॉकला लागलं आणि पांढरा लोट उठला. बघता बघता भैरू दिसेनासा झाला. लोट दोरीवरच्या कपड्यांवरून ओसरीत शिरला, ताटाळ्यावर बसला, मेंढरांच्या पाण्यावर त्याची साय धरली.

आठ वर्षं ती नवऱ्याचे पांढरे झालेले कपडे धूत होती. तो घरी येई तेव्हा केस पिकल्यासारखे दिसत, म्हणून त्याची थट्टाही व्हायची. पण ती धूळ कशी होते हे तिनं आजवर पाहिलं नव्हतं. ती पदर तोंडावर धरून बघतच राहिली.

भैरूला खोकला होताच, दिवाळीच्या आधीपासून. हवा बदलली की होतो असं म्हणून त्यानं मेडिकलमधून एक-दोन बाटल्या आणून संपवल्या होत्या. आता लोटाच्या आतून त्याच्या खोकण्याचा आवाज आला आणि थांबेचना. ग्राइंडर बंद पडला. भैरू वाकून एका बाजूला थुंकला. पांढऱ्या धुळीत पडलेली थुंकी लाल होती.

तो ती पायानं झाकायला गेला, पण प्रांजल तोवर जवळ आली होती. तिनं आधी ओसरीत जाऊन वायर उपटली. मग परत येऊन त्याच्यापुढं उभी राहिली.

"कधीपासनं?" तिनं विचारलं.

"आजच पयल्यांदा."

ते खोटं होतं आणि ते दोघांनाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रेयाला, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीला, सासूजवळ ठेवून ती त्याला घेऊन नारायणगावला गेली.

तिथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला आणि तो दिव्यावर धरून बराच वेळ पाहिला. उजव्या बाजूला वरच्या अंगाला डाग होता. काम काय करता, असं त्यांनी विचारलं. भैरूनं सांगितलं. किती वर्षं, तोंडाला काय बांधता, कापताना पाणी वापरता का, हेही विचारून घेतलं. मग त्यांनी काहीही न लपवता सांगितलं की असा डाग दोन गोष्टींनी पडू शकतो. एक टीबी. त्याला औषध आहे, सहा महिने नेमानं गोळ्या घेतल्या की माणूस बरा होतो. दुसरी दगडाची धूळ. ती फुप्फुसात जाऊन बसली असेल तर बाहेर काढायचं औषध कुणाकडंच नाही. असलेलं तेवढ्यावर थांबवायचं, एवढंच हातात राहतं. थुंकीची पहिली तपासणी झाली, तिच्यात काही सापडलं नाही. म्हणून दुसरा नमुना मोठ्या मशिनवर पाठवला, छातीचा स्कॅन झाला, आणि तो पुण्याच्या तज्ज्ञाला दाखवून मग सांगू, असं ठरलं. तोवर मास्क लावा, मुलीला जवळ झोपवू नका आणि धुळीच्या वाऱ्यालाही उभे राहू नका, असं डॉक्टरांनी बजावलं.

दगडाच्या धुळीचं नाव भैरूला नवं नव्हतं, कारण ती गोष्ट त्यांच्या घरात घडून गेली होती. राघूचा धाकटा भाऊ चिमाजी मेंढरं सोडून खडी क्रशरवर कामाला लागला होता. त्यालाही असाच खोकला लागला. कुणी टीबी म्हटलं, त्याच्या गोळ्या झाल्या, पुन्हा झाल्या. वजन उतरतच गेलं. शेवटी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात कळलं की छातीत धूळ भरली आहे. त्यानंतर चिमाजी फार दिवस राहिला नाही. शेवटी शेवटी त्याला ओसरीतून मोरीपर्यंत चालतानाही मधे बसावं लागे. भैरू तेव्हा शाळेत होता आणि चुलत्याला पाण्याचा तांब्या तोच नेऊन द्यायचा.

घरी आल्यावर त्यानं बापाला फक्त "तपासायला दिलंय" एवढंच सांगितलं. त्या दिवसापासून राघू मेंढरांमागं लवकर बाहेर पडू लागला आणि उशिरा परत येऊ लागला.

वाट बघण्याचे दिवस वाईट होते. भैरूला काम बंद होतं. तो मास्क लावून ओसरीत बसायचा. बिबट्याच्या भीतीनं ओसरीला जाळी मारलेली होती. त्या जाळीतून तो आपलंच अर्धवट अंगण बघत राहायचा. एके दिवशी तो एकटाच गाडी काढून ओझरला गेला. विघ्नहराच्या देवळात गर्दी नव्हती. तो गाभाऱ्यापुढं हात जोडून उभा राहिला, पण मागायचं काय हेच त्याच्या तोंडातून निघेना. आजार नको असं म्हणण्यात काही अर्थ नव्हता, आजार होताच. मागची माणसं खोळंबली तेव्हा त्यानं डोळे मिटले आणि मला टीबी असू दे, एवढं मनातल्या मनात म्हणून बाहेर आला. असलं मागणं त्या देवाकडं याआधी कुणी केलं असेल का, असं त्याला पायऱ्या उतरताना वाटलं. प्रांजलला त्यानं हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मी पण तेच मागते रोज.

त्यातच अवकाळी पाऊस झाला. कडा उघड्याच होत्या. भिंतीजवळच्या फटींतून पाणी आत शिरलं आणि ब्लॉकांखालची कच वाहून गेली. पायरीजवळचे ब्लॉक हलायला लागले आणि सकाळी तुकाबाईचा पाय तिथं लचकला. पडली नाही, पण जाळीला धरून उभी राहिली. कडा लवकर बंद केल्या नाहीत तर सगळं अंगणच सुटत जाणार, हे भैरूला दिसत होतं.

अमृत आला. तो म्हणाला, एक दिवस सगळ्यांनी पाहुण्यांकडं जा, मी एकटा ग्राइंडर लावतो आणि संध्याकाळपर्यंत उरकतो. प्रांजलनं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली की आम्ही परत येऊ तेव्हा धूळ इथंच असणार. घरात, चाऱ्यात, पांघरुणांत.

"आणि भाऊ, तुमच्या छातीचं काय?" ती म्हणाली. "ती काय निराळी हाये का?"

अमृत हसला. मग त्याचं हसू विरलं. तोही आठ वर्षं त्याच लोटात बसत आला होता. त्यानंही नारायणगावला जाऊन फोटो काढावा असं भैरूनं त्याला आधीच सुचवलं होतं आणि त्यानं ते टाळलं होतं.

"धूळ उडणार आसंल तर ऱ्हाऊ द्या तसंच," प्रांजल म्हणाली. "न उडवता व्हत आसंल तर करू."

तिघं अंगणात उतरले. आधी प्रांजलनं विचारलं की एवढं कापायचं तरी कशाला. भैरू सांगायला गेला की अशीच पद्धत आहे, आणि मधेच थांबला. मग तो एकेक कड बघत फिरला. मेंढरांच्या वाड्याकडची फट सरळ आणि वीतभर रुंद होती. तिथं ब्लॉकचे तुकडे न घालता ओलं काँक्रीट ओतून पट्टी केली तरी चालणार होतं. जास्वंदी-कढीपत्त्याकडच्या बाजूला भिंतच नव्हती. तिथं अख्खे ब्लॉक उभे पुरून काठ करता येत होता, झाडांना माती मोकळी राहिली असती. असं करत करत निम्म्याहून जास्त कापणं वाचलं. उरली घरापुढची लांब कड, पायरी आणि तुळशीवृंदावनाचा वळसा.

लांब कडेसाठी भैरूला एक मशीन आठवलं. कळंबजवळच्या एका ब्लॉकच्या कारखान्यात ते कोपऱ्यात पडलेलं असायचं. लोखंडी चौकट, वर आणि खाली एकेक बोथट पातं, आणि बाजूला लांब दांडा. मधे ब्लॉक ठेवायचा आणि दांडा दाबायचा. कामगार त्याला अडकित्ता म्हणत. वीज लागत नाही, पाणी लागत नाही. पण तुकड्याची कड ग्राइंडरसारखी गुळगुळीत येत नाही आणि वेळ जास्त जातो, म्हणून कुणी त्याला हात लावत नसे. भैरू स्वतः त्याला हसला होता. त्यानं फोन केल्यावर कारखानदारानं, लागेल तेवढे दिवस ठेव, असं सांगितलं आणि अमृतनं आपल्या पिकअपमधून ते आणलं.

पहिला ब्लॉक भैरूनं लावला. खडूनं रेघ मारली, रेघ पात्याखाली घेतली आणि बाजूला झाला. अमृतनं दांड्यावर भार टाकला. ठक् असा एकच आवाज झाला आणि ब्लॉक रेघेवर दुभंगला. खाली चिमूटभर चुरा पडला. प्रांजल खाली वाकून बघायला लागली, हवेत काही उडतंय का म्हणून. काहीच उडत नव्हतं. तिनं दोन्ही तुकडे हातात घेतले. कड खरबरीत होती, फोडलेल्या दगडासारखी.

"ही कड भितीकडं घालायची," भैरू म्हणाला. "कोण बगतंय?"

दुपारी राघू मेंढरं वाड्यात घालून आला. तो वाड्याच्या दारात उभा राहून थोडा वेळ बघत होता. मग चप्पल काढून पुढं आला आणि अमृतच्या हातातून दांडा घेतला. दांडा त्याला लगेच जमला. भैरू रेघ मारी, प्रांजल ब्लॉक धरून लावी आणि हात काढी, राघू दाबी. बापलेक कित्येक दिवसांत एकमेकांच्या इतके जवळ बसले नव्हते. बोलणं फक्त "थोडं अलीकडं", "बास", "दाब" एवढंच. संध्याकाळपर्यंत घरापुढची कड बंद झाली आणि तुकाबाईनं पायरी उतरून त्यावर दोनदा चालून बघितलं.

वृंदावनाचा वळसा मात्र अडकित्त्यानं होण्यातला नव्हता. तिथं तिरके तुकडे लागत होते आणि तिरकं दाबलं की ब्लॉक कुठंही फुटायचा. त्याला पातंच लागणार होतं. अमृतच्या ओळखीच्या फरशीवाल्याकडं पाण्याची नळी जोडलेला कटर होता, तो आणला. ब्लॉकांवर रेघा मारून ते आदल्या दिवशीच पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवले. कापायला जागा निवडली ती घरापासून लांब, बांधाच्या पलीकडं, आणि वारं घराकडून शेताकडं वाहत होतं ती वेळ साधली. शॉक लागला तर लाईट आपोआप पडेल असा ब्रेकर अमृतनं आधी बोर्डात बसवून घेतला आणि पायात रबरी बूट चढवले. तोंडाला रुमाल न बांधता त्यानं या वेळी दवाखान्यात मिळतो तसला जाड मास्क लावला. भैरूला प्रांजलनं बांधाच्या अलीकडंच थांबवलं.

पातं फिरलं. लोट उठायच्या जागी करडा गाळ ओघळू लागला. अमृतचे बूट आणि पँट चिखलानं भरली. तो ओरडून म्हणाला की हे लई घाण काम आहे. पण मागचं शेत, मागची कांद्याची चाळ, तिच्यापलीकडचा डोंगर, सगळं त्याच्या पाठीमागं लख्ख दिसत होतं. भैरू ते बघत उभा होता. एवढं साधं होतं तर आठ वर्षं आपण काय करत होतो, असं त्याच्या मनात आलं. पण त्यावर पुढं विचार करायच्या आतच खिशातला फोन वाजला.

दवाखान्यातून होता. रिपोर्ट आलेत, डॉक्टर आहेत तोवर या, एवढंच तिकडची बाई म्हणाली. काय आलंय ते फोनवर सांगत नाही म्हणाली.

भैरू आणि प्रांजल निघाले. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या लागल्या आणि भैरू त्यांच्यामागं मुकाट गाडी हाकत राहिला. एरवी तो एकही ट्रॉली पुढं राहू देत नसे. प्रांजलनं मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. दवाखान्याच्या दारात गाडी लावून दोघं आत गेले.

डॉक्टरांनी दोघांना बसायला सांगितलं. दुसऱ्या नमुन्यात टीबीचे जंतू सापडले होते. नेहमीच्या गोळ्या त्याला लागू पडतील हेही त्याच तपासणीत कळलं होतं. स्कॅन पुण्याच्या तज्ज्ञानं नीट पाहिला होता. धूळ साठल्याच्या ज्या खुणा असतात त्या त्यात दिसत नव्हत्या.

"म्हणजे नुसता टीबी?" प्रांजलनं विचारलं.

"हो, टीबी," डॉक्टर म्हणाले.

"दुसरं काय न्हाई?"

"नाही."

तिला हसू फुटलं. ते आवरेना, आणि हसता हसताच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दाराबाहेर बसलेली माणसं वाकून बघायला लागली. टीबी झाला म्हणून नवऱ्याचा दंड धरून हसणारी बाई त्यांनी कधी बघितली नसावी. भैरूनं मास्कच्या आत तोंड उघडून खोल श्वास घेतला आणि त्याला खोकला आला. पण या वेळी तो खोकल्याला भ्याला नाही.

डॉक्टरांनी त्यांना थोडा वेळ दिला. मग त्यांनी पुढचं सांगितलं. सहा महिने, एकही दिवस चुकवायचा नाही. सुरुवातीचे काही आठवडे मास्क आणि वेगळं अंथरूण. घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची. आणि शेवटी थोड्या कडक आवाजात ते म्हणाले की रोज दगडाची धूळ खाणाऱ्या छातीला टीबी लवकर धरतो. आज धुळीच्या खुणा दिसल्या नाहीत, म्हणजे पुढं दिसणारच नाहीत असं नाही. कोरडं कापणं आजपासून बंद.

"बंदच केलंय," भैरू म्हणाला.

बाहेर आल्यावर प्रांजलनं सासूला फोन लावला. टीबी हा शब्द तिला चांगला वाटणं शक्य नव्हतं. प्रांजलनं तिला दोनदा समजावलं, की आत्या, हा बरा होतो, धुळीचा न्हाई निघाला. मग पलीकडून तुकाबाईचा रडण्याचा आवाज आला आणि प्रांजल म्हणाली, रडा, रडा, मी पण रडलेय.

राघूला मात्र धीर आला नाही. संध्याकाळी सगळं ऐकून घेतल्यावर तो वाड्याच्या उंबऱ्यात बसून राहिला. भैरू थोडं अंतर ठेवून त्याच्याजवळ जाऊन बसला.

"आबा, बरं निघालंय," तो म्हणाला.

"चिमालाबी टीबीच म्हनले व्हते," राघू म्हणाला. "वरीसभर गोळ्या खाल्ल्या त्यानं. मीच आनून देत व्हतो."

चुलत्याच्या वेळी असली तपासणी झाली नव्हती, आता मशीनवर जंतू सापडलेत, स्कॅन झालाय, हे सगळं भैरूनं सांगून बघितलं. राघूनं मान हलवली. पण ती ऐकल्याची होती, पटल्याची नव्हती. इतके दिवस बाप लवकर बाहेर का पडत होता आणि उशिरा का येत होता, हे भैरूला त्या वेळी कळलं.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. घरच्यांची तपासणी झाली. तुकाबाई, राघू, प्रांजल, सगळे ठीक निघाले. श्रेयाचा फोटो स्वच्छ आला तेव्हा प्रांजलनं दवाखान्याच्या आवारातच तिला उचलून घेतलं आणि ती सहा वर्षांची मुलगी, मी काय लहान आहे का, म्हणून रागावली. घरच्या सगळ्यांना खबरदारीच्या गोळ्या दिल्या गेल्या. अमृतनंही त्याच फेरीत आपला फोटो काढून घेतला. तोही नीट निघाला. परत येताना त्यानं सगळ्यांना उसाचा रस पाजला.

वृंदावनाचा वळसा तोवर पुरा झाला होता. अमृतनं तिरके तुकडे बसवले आणि मेंढरांच्या वाड्याकडची काँक्रीटची पट्टी प्रांजलनं थापी घेऊन स्वतः सपाट केली. बांधापलीकडं साठलेला गाळ वाळून त्याची पुन्हा धूळ होऊ नये म्हणून दोघांनी तो ओला असतानाच घमेल्यानं भरून खड्ड्यात पुरला. मग सगळं अंगण धुऊन काढलं. तुकाबाई म्हणाली की घर बांधल्यापासून पहिल्यांदाच झाडू मारला आणि नाकात काही गेलं नाही.

भैरू ओसरीत वेगळा झोपायचा. जाळीतून वारं यायचं आणि ते त्याच्या छातीला चांगलंच होतं. पहिले आठवडे जड गेले. गोळ्यांनी मळमळायचं, लघवी लाल व्हायची, तोंडाची चव गेली होती. वाडीत टीबीची बातमी पसरली तसं दोन घरांनी श्रेयाला खेळायला बोलावणं बंद केलं. प्रांजल स्वतः त्या दोन्ही घरी गेली, तपासणीचं सगळं नीट सांगून आली. एका घरानं ऐकलं, एकानं नाही ऐकलं. महिन्याभरात मात्र त्या दुसऱ्या घरची मुलंही अंगणात चाकाची गाडी फिरवायला यायला लागली, कारण वाडीत तेवढी सपाट जागा दुसरी नव्हती.

भैरूला मग हलकं काम करायची परवानगी मिळाली. गावातलं काम घेताना त्यानं प्रत्येक घरमालकाला आधीच सांगितलं की कडा अडकित्त्यानं होतील, तिरकं कापणं पाण्यात होईल, दोन दिवस जास्त लागतील. एकानं नको म्हणून काम दुसऱ्या ठेकेदाराला दिलं. दुसऱ्या घरी म्हातारी दम्याची होती, त्यांनी पुढच्या गल्लीतल्या पाहुण्यांनाही त्याचा नंबर दिला. कळंबच्या कारखान्यातला अडकित्ता परत गेलाच नाही.

राघू अजून मोकळा झाला नव्हता. तो रोज सकाळी मुलाच्या हातावर गोळ्या ठेवायचा, त्यानं गिळलेल्या बघायचा आणि मगच मेंढरं सोडायचा.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी भैरू वाड्यापाशी उघड्या अंगानं आंघोळीला बसला होता. मास्क केव्हाच सुटला होता. राघू मेंढरं बघत होता. बाजारात न्यायचं जनावर किती भरलंय हे तो डोळ्यांनी कधी ठरवत नसे. कण्यावरून हात फिरवायचा, दोन्ही बाजूंना बोटं दाबायचा, आणि हाडाला मांस किती धरलंय ते त्याला हाताखाली कळायचं. दोन मेंढरं तशी बघून झाल्यावर तो भैरूच्या मागं येऊन उभा राहिला. भैरूला वाटलं, पाण्याचा तांब्या द्यायला आला असेल.

राघूनं त्याच्या मानेखाली हात ठेवला आणि तो हळूहळू कण्यावरून कमरेपर्यंत आणला. बरगड्यांवर बोटं दाबली. पुन्हा वर नेला. चिमाजीच्या पाठीवर त्यानं असाच हात किती वेळा फिरवला असेल आणि दर वेळी त्याच्या हाताला काय लागलं असेल, हे भैरूनं विचारलं नाही. तो श्वास धरून बसून राहिला.

"भरतुयास," राघू म्हणाला.

त्यानं हात काढला नाही. तसाच पाठीवर ठेवून तो घराकडं तोंड करून तुकाबाईला हाक मारायला लागला, की इकडं ये, तूबी बघ हात लावून.